तोंड लावून

आई, आपल्या घरात पेला उंच धरून पाणी प्यायला बंदी होती, हे मी अलीकडे कुणाला सांगितलं की समोरचा माणूस मला दुरुस्त करायला जातो. इतर घरांत मुलांना शिकवतात की वरून पी, उष्टं करू नकोस. आपल्याकडे नियम नेमका उलटा होता. मी तिसरीत असताना शाळेतून ती वरून प्यायची सवय घेऊन आले. तू ओट्याशी पोळ्या लाटत होतीस. मी माठातून पेला भरला, मान मागे टाकली आणि धार तोंडात सोडली. दाराजवळच्या खुर्चीवर आबाजी बसले होते. ते उठले, माझा हात खाली ओढला आणि पेला माझ्या ओठांना टेकवला. दातावर आपटला तो. "तोंड लाव. आपल्या घरात भांड्याले तोंड लावून पेतात." मी म्हणाले, "काहून पण आबाजी? बाई म्हणते उष्टं होते." ते म्हणाले, "होऊ दे. तुह्या बाईले सांग, आमच्या घरी सारेच उष्टे आहेत." तू लाटणं थांबवून हसलीस, आणि नंतर मला एकटीला म्हणालीस की आबाजींचा नियम आहे, वाद घालायचा नाही. कारण सांगितलं नाहीस. बाबांनी आपल्या वडिलांचा तोच नियम फाटकाबाहेर नेला होता. उन्हाळा लागला की ते बाहेर माठ ठेवायचे आणि शेजारी धुतलेले पेले पालथे घालायचे. पाणपोईवर असतं तसं लांब दांड्याचं ओगराळं नाही, साखळीला बांधलेला मग नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पेला घ्यावा, तोंड लावून प्यावं, आणि बाबांनी संध्याकाळी बस डेपोतलं मेकॅनिकचं काम आटोपून येऊन ते सगळे पेले राखेनं घासावेत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "इंजिन तापलं का पाणी मांगते. माणूस बी मांगते. त्याच्यात उष्टं काय?"

तुला हे लिहायचं कारण बाबाच आहेत. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाला नुकतीच लागले होते. प्रताप नगरचा हा फ्लॅट तू पाहिलेला नाहीस, माझी नोकरी तुला माहीत नाही, बाबांचा आजार तर नाहीच नाही. मी कळमेश्वरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते. कारखान्यात येणारं आणि कारखान्यातून बाहेर जाणारं. बाबांना डिमेन्शिया झाला आहे. आबाजींच्या वेळी आपण त्याला म्हातारचळ म्हणायचो, आत्या अजूनही 'डोक्याचं' म्हणते. बाबांना माझं नाव येत नाही, पण जिन्याखाली कुणाची गाडी खडखडली तर इंजिनाचं टॅपेट सैल आहे हे अचूक सांगतात. तिचे यजमान वारल्यापासून आत्या आपल्याकडेच राहते. मी कंपनीच्या बसने सकाळी जाते आणि संध्याकाळी येते, आणि मधला सगळा दिवस ती बाबांना बघते.

मला किळस येते, हे मी सरळ लिहिते, कारण लोकांना ते सांगता येत नाही. कशाची येत नाही ते आधी सांगते. मलमूत्राची येत नाही. ते पदार्थ आहेत, त्यांना घटक आहेत, मी रोज त्याहून वाईट नमुन्यांवर वाकून काम करते. बाबांच्या माकडहाडावरची लाल झालेली कातडी, पायाच्या बोटांमधली बुरशी, जाड पिवळी नखं, जिभेवरचा थर, हे सगळं मी हातमोजे घालून स्वच्छ करते आणि मग जेवते. किळस येते ती भाषेची. नातेवाईक येतात, सोफ्यावर बसतात, बाबांचा गाल धरतात आणि म्हणतात, "पुरं लेकरू झालं बाप्पा." मला म्हणतात, "सेवा करून राहिली पोरगी, पुण्य आहे." मग बाबांच्या खुर्चीकडून वास यायला लागतो आणि त्यांना एकाएकी बस आठवते. लेकरू झालं म्हणणाऱ्यांपैकी एकानंही कधी विचारलं नाही की आज यांनी खाल्लं किती, प्यायले किती, पोट साफ झालं का. लेकराच्या बाबतीत हेच तीन प्रश्न आधी विचारतात.

या मे महिन्यात बाबा बिघडले. बिघडले हा शब्दही घरातलाच, जणू कूलरची मोटर आहे. दिवसभर झोपायला लागले, उठवलं की चिडायला लागले, भिंतीवर कुणीतरी चढतंय असं दाखवायला लागले. एकदा त्यांनी आत्याच्या हातावर ताट फेकलं. आत्या म्हणाली, "वाढलं वं त्याचं डोक्याचं. आता काही खरं नाही." सगळ्यांना ते पटलं. या आजारात सगळं काही आजाराच्या नावावर टाकता येतं, ही त्याची मोठी सोय आहे. मलाही दोन-तीन दिवस पटलं होतं. मग एका रविवारी मीच त्यांना संडासात नेलं आणि भांड्यात पाहिलं. रंग गडद चहासारखा होता. वास अमोनियाचा, पण त्याच्याखाली आणखी एक, कुजका. मी त्यांच्या दंडावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. जीभ बाहेर काढायला सांगितली, ती टाळूला चिकटली होती आणि सुटताना आवाज झाला. असा नमुना माझ्या टेबलावर आला असता तर मी पहिल्या नजरेत सांगितलं असतं की यात पाणी नाही.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, लघवी तपासायला घेतली, आणि आत्याला विचारलं, "दिवसाला पाणी किती पितात?" आत्याची मान ताठ झाली. मला तो क्षण विसरता येत नाही. तिला वाटलं, तिची परीक्षा आहे आणि तिला उत्तर येतं. ती म्हणाली, "दिवे लागले का मी थेंब बी देत नाही साहेब. दिवसा बी बेतानंच. रातभर कोरडे राह्यतात, पाहा. एक चादर खराब होऊ देत नाही मी." डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. ते रागावले नाहीत, नुसतं समजावलं. म्हणाले, "मावशी, पाणी तोडून लघवी थांबत नाही. ती घट्ट होते. घट्ट लघवी आतून टोचते, मग ती अजून वेळी-अवेळी लागते. त्यात जंतू वाढतात. पोटही दगडासारखं झालंय त्यांचं. तुम्हाला आजार वाढला असं वाटलं ना, त्यातलं बरंचसं हे आहे." आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी का दुश्मन आहे का त्याची?" त्या दुपारी नर्सने हातमोजा घालून बाबांचं पोट मोकळं केलं. बाबा ओरडत होते आणि मी त्यांचे खांदे धरून उभी होते. त्या वेळी मला आत्याचा राग येत नव्हता. 'कोरडे' हा शब्द माझ्या कानात होता, आणि तो आत्याच्या आवाजात नव्हता.

तुझ्या आवाजात होता. "आज कोरडे उठले," असं तू सकाळी बाबांना सांगायचीस, मी पेपरातले मार्क सांगावेत तशी. आबाजी तेव्हा आतल्या खोलीत लोखंडी पलंगावर असायचे, खाली रबराची चादर. मी सातवीत होते. तुझी पद्धत मला पाठ आहे. दुपारच्या जेवणासोबत अर्धा पेला. चहा बशीत, तोही सकाळचाच. ऊन कललं की पाणी बंद. माठ आणि पेले तू त्यांना दिसणार नाहीत असे हलवले होतेस. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, नाव चुकीचं घेतलं, पण मी पाणी नेलं. ते तोंड लावून प्यायले, भराभर, पेल्याच्या कडेला दात लागत होते. सकाळी तू मला शाळेआधी उठवलंस. ओली चादर माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "त्यायले पाणी काहून दिलं वं? घे. वास घे. आता रोज देशील का?" आपण दोघींनी ती दोन टोकांना धरून पिळली. तुझ्या हातांना साबणानं भेगा पडल्या होत्या, हे मी तेव्हा पाहिलं होतं आणि आजही नोंदवते. तू एकटी धूत होतीस, बाबा डेपोत दुहेरी पाळी करत होते, आत्या तिच्या सासरी होती आणि सणासुदीला यायची. हे सगळं खरं आहे. यातलं काहीही त्या पलंगावरच्या माणसाच्या घशात उतरत नव्हतं.

आणि कूलर. आपल्या नागपुरात उन्हाळ्यात माणूस उपाशी राहील, कूलर कोरडा राहत नाही. तू दुपारी खिडकीतून पाइप आत घ्यायचीस आणि कूलरची टाकी भरायचीस. वाळ्याच्या टट्ट्यांवरून पाणी ओघळायचं. आबाजी त्या आवाजाकडे मान वळवायचे. मग ते उठून बसायचे, कसेबसे उकिडवे व्हायचे, दोन्ही हात एकत्र करून तोंडाजवळ आणायचे आणि थांबायचे. डोळे खाली. तू पाइप ठेवून यायचीस, त्यांचे हात धरायचीस आणि तळव्याला तळवा लावून जोडायचीस. मी विचारलं होतं, "आबाजी काय करून राहिले?" तू म्हणालीस, "वंदना करून राहिले." तुझा आवाज अगदी शांत होता. भिंतीवर दोन्ही फोटो होते, एक कोट घातलेला आणि एक ध्यानस्थ, आणि आबाजींचं तोंड साधारण त्याच बाजूला असायचं. मी विश्वास ठेवला. शेजारच्या बायका आल्या, त्यांनाही तू तेच सांगितलंस. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि त्यांनीही हात जोडले. आबाजी त्या उन्हाळ्यातच गेले. ताप आला, बडबडले, गेले. वय झालं होतं असं सगळे म्हणाले. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत नात्यातले एक काका उभे राहून बोलले की ज्यांनी स्वतः उभं राहून धम्मदीक्षा घेतली ते सगळं विसरले, पोरांची नावं विसरले, पण वंदना विसरले नाहीत. शेवटपर्यंत हात जोडलेले होते. लोकांनी डोळे पुसले. आपल्या नात्यात ही गोष्ट आजही सांगतात. मीही सांगितली आहे, कॉलेजात, मैत्रिणींना, थोड्या अभिमानानं.

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मला एकच काम बजावून सांगितलं होतं: पाणी आत गेलं पाहिजे. दिवसभर थोडं थोडं, आणि ठरावीक वेळाने संडासात नेऊन बसवायचं. नाहीतर पुन्हा इथेच. मी रजा टाकली. मला वाटलं, हे सोपं आहे. पण बाबा पेला बघितला की तोंड फिरवत. आत्यानं इतके दिवस हातातून काढून घेतला म्हणून, की पेला म्हणजे काय हेच विसरले म्हणून, मला कळत नाही. स्ट्रॉ चावून ठेवली. चमचा दातात धरून बसले. मी कलिंगड बारीक कापून दिलं, ताक दिलं, पन्हं दिलं, पातळ अंबील दिली. थोडं गेलं, बाकीचं छातीवर आलं. "बाबा, घ्या, एक घोट." "नाई." "तहान लागली ना?" "लागली." "मग घ्या." "नाई बाई. आपलं नसते ते." मला वाटलं, शब्द चुकला. या आजारात शब्द चुकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होते. मागे वळून पाहिलं तर बाबा खुर्चीवरून उतरून फरशीवर उकिडवे बसले होते. दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी, कोपरं गुडघ्यांवर, डोळे खाली. मला बरं वाटलं, हे लिहायला हवं. मला आबाजी आठवले आणि एक क्षणभर चांगलं वाटलं, की बाबाही वंदना विसरले नाहीत. तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून आली आणि तिनं त्यांच्या हातांवर फटका मारला. "खाली घे दादा. खाली घे म्हणते ना हात." बाबांनी हात खाली घेतले आणि पुन्हा वर केले. तिनं पुन्हा मारलं.

"आत्या, काहून मारून राहिली त्यांना?"

"मारत नाही वं. झाकून राहिली."

"वंदना करताहेत ते. करू दे."

आत्यानं हात थांबवला. मग हसली, पण ते हसणं नव्हतं. "वंदना? दोन बुकं शिकली, तुले अजून बी वंदनाच दिसते का? तो मालकाच्या दारात बसला हाय." मी बादली खाली ठेवली. ती म्हणाली, "कुहीकडे होतो तवाची गोष्ट आहे. धान कापून आलो का आम्ही सारे असेच बसो, वट्ट्याच्या खाली. मालकीण वरतून लोटा ओते. भांड्याले हात लावाचा नाही, तिच्याकडे पाह्याचं नाही. ओंजळ ढिली झाली तं पाणी गेलं मातीत, दुसऱ्यांदा नाही भेटे. दादा लहान होता, त्याची ओंजळ गळे. मंग आबाजी त्याच्या हाताखाली आपले हात धरत."

मी म्हणाले, "आबाजी पण आपल्या घरी असेच बसायचे."

"हाव. मी आली होती तवा पाह्यलं. तुह्या आईले तवाच सांगतलं म्या, वहिनी, ते पाणी मांगून राहिले."

"मग ती काय म्हणाली?"

"तिनं त्यायचे हात जोडून देल्ले. मले म्हणे, ताई, हे कोणासमोर बोलू नका. वंदना करून राहिले म्हणलं का झालं."

तर तुला माहीत होतं. आई, मला जे लिहायचं आहे ते इथे आहे. पाणी तोडणं मी एक वेळ अज्ञानात घालते, तशी चूक आत्यानंही केली, आणि तुला कुणी डॉक्टर भेटला नव्हता. पण ते हात काय मागताहेत हे तुला सांगितलेलं होतं. तू ते ऐकलंस, समजलीस, आणि त्या ओंजळीत पाणी घालायच्या ऐवजी ती मिटलीस. ज्या माणसानं आयुष्यभर नातीच्या दातांवर पेला आपटून सांगितलं की तोंड लाव, त्याला तुझ्या घरात, स्वतःच्या घरात, पुन्हा त्या वट्ट्याखाली बसावं लागलं, आणि मालकीण निदान लोटा तरी ओतायची. मी हे वाक्य खोडायला हवं. खोडत नाही. मी तुझी बाजू मांडून पाहिली. कदाचित तुला वाटलं असेल की वरून पाणी ओतलं तर त्यांनी सोडलेलं सगळं मी त्यांच्यावर परत ओतते. कदाचित शेजारणींना ते दिसू नये एवढंच तुला हवं होतं, आणि ते त्यांच्यासाठीच हवं होतं. असेल. प्रयोगशाळेत मला शिकवलंय की दोन गोष्टी एकत्र मोजायच्या नाहीत. त्यांची लाज एक आणि त्यांची तहान दुसरी. तू लाज झाकलीस. तहान तशीच राहिली, आणि त्या जोडलेल्या हातांवर आपल्या नात्यानं इतकी वर्षं डोळे पुसले. मला त्या अश्रूंची किळस येते, त्यात माझेही होते.

त्या दुपारी मी आत्याला म्हणाले, लोटा दे. ती म्हणाली, "नाही वं. तू नको ओतू. त्याच्या पोरीनं नाही ओताचं." मी म्हणाले, मग तू ओत. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग मीच स्वयंपाकघरातून स्टीलचा लोटा आणला, भरला, आणि बाबांसमोर उभी राहिले. उभं राहावं लागतं. बसून धार नीट पडत नाही. मी ओतलं. बाबा प्यायले. इतके दिवस चमच्याचमच्याला झगडणारा माणूस न थांबता प्यायला, घशाचा आवाज येत होता, मनगटावरून पाणी कोपरापर्यंत येऊन फरशीवर गळत होतं. एकदाही ठसका लागला नाही. डॉक्टरांनी मला दाखवलं होतं की यांना पाजताना हनुवटी खाली हवी, मान मागे नको, म्हणजे पाणी श्वासनलिकेत जात नाही. ओंजळीनं पिताना हनुवटी खालीच असते. अपमानाची ती बैठक गिळण्यासाठी सगळ्यात सुरक्षित निघाली, आणि हे मला नोंदवावं लागतंय, याचीही मला किळस येते. पोट भरल्यावर बाबांनी ओंजळ न सोडता मान डावी-उजवीकडे हलवली. तोंडात पाणी असताना बोलता येत नाही, म्हणून ती खूण. मी धार थांबवली. मग त्यांनी सांडलेलं पाणी स्वतःच्या बनियनच्या टोकानं पुसलं आणि वर न बघता म्हणाले, "बस झालं, मालकीणबाई."

मी लोटा ओट्यावर ठेवला आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, जसे नमुन्यांनंतर धुते.

तेव्हापासून मी रोज ओतते. लघवीचा रंग उतरला. बाबा जागे राहायला लागले, भिंतीवरची माणसं गेली, ताट फेकणं थांबलं. माकडहाडावरची लाली कमी झाली. ठरल्या वेळी संडासात बसवलं की चादर बहुतेक वेळा कोरडीच राहते, पाणी न तोडता. आत्याला हे पटायला वेळ लागला, पहिल्यांदा पटलं तेव्हा म्हणाली, "म्हणजे इतके दिवस म्या उगाच त्याले वाळवला." मध्ये मला एक सुचलं. पसरट वाटी भरून मी बाबांच्या ओंजळीतच ठेवली. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आबाजींसारखं म्हणून पाहिलं, "तोंड लावा. आपल्या घरात भांड्याले तोंड लावून पेतात." त्यांनी ओठ टेकवले. अर्धी वाटी प्यायले. दुसऱ्या दिवशी ती वाटी हलकेच फरशीवर ठेवली, माझ्याकडे सरकवली आणि पुन्हा रिकामी ओंजळ धरली. असं चालू आहे. काही दिवस वाटी, काही दिवस लोटा. वाटीचे दिवस वाढतील की संपतील हे मला सांगता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याबद्दल मी आशा लिहीत नाही.

हे पाठवायचा प्रश्नच नाही, आणि कुणी वाचावं असंही नाही. पुढच्या वेळी नात्यातल्या कुणी आबाजींच्या जोडलेल्या हातांची गोष्ट काढली तर मी उभं राहून खरं सांगणार, असं मी हे लिहायला घेतलं तेव्हा ठरवलं होतं. पण परवाचं लिहायचं राहिलंय. लोट्याचा दिवस होता. बाबा खाली बसले होते, मी नुकतं ओतायला लागले होते, आणि दार नुसतं लोटलेलं होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू आत आल्या, हातात झाकलेली वाटी. चांगल्या बाई आहेत, बाबा दवाखान्यात होते तेव्हा आत्याला डबा पाठवायच्या. त्या म्हणाल्या, "अगं बाई, काका खाली कसे बसलेत?" मी लोटा ओढणीआड घेतला. आणि मी म्हणाले, "वंदनेची वेळ आहे त्यांची." विचार केला नाही, शब्द शोधला नाही, आवाज शांत होता. काकूंनी वाटी टेबलावर ठेवली, डोळे मिटून हात जोडले आणि म्हणाल्या, "बघ, सगळं विसरले पण हे नाही विसरले." आत्या स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. नंतर तिनं एवढंच म्हटलं, "आईचीच आहेस वं." पण त्याआधी, काकू तिथे उभ्या असतानाच, मी खाली वाकले होते आणि बाबांचे ओले हात धरून जोडले होते. तळव्यांमधलं पाणी फरशीवर गेलं. बाबांनी अजून मान हलवली नव्हती.